अकाउंट्सची लाइन घ्यावी का?

गोव्यातल्या साखळी गावच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बारावी कॉमर्सची परीक्षा झाली. अकाउंट्समध्ये गुण चांगले पडतात, गणित मात्र आवडत नाही. वडील म्हणतात, बी.कॉम. कर आणि सरकारी नोकरीची तयारी कर. मामा म्हणतात, सीए हो. वर्गातली मुले म्हणतात, सगळे सॉफ्टवेअरच करणार असेल तर दहा वर्षांनी अकाउंटंट कोणाला हवा? प्राथमिक शाळा मराठी माध्यमाची असल्यामुळे इंग्रजीचीही धास्ती आहे. तर या लाइनीत पडावे का, आणि पडायचे तर कुठल्या वाटेने?

फोंड्यात माझी सीए म्हणून बरीच वर्षे प्रॅक्टिस आहे. माझ्या ऑफिसात शिकायला आलेली मुले पुढे हॉटेलांत, औषधांच्या कारखान्यांत, बँकांत, सरकारी खात्यांत गेली. काहींनी ही लाइनच सोडली, आणि त्यांचेही बरे चालले आहे. त्यांच्याकडे बघून मला एकच गोष्ट आधी सांगावीशी वाटते: कोर्स नंतर निवड, काम आधी बघ. आपल्याकडे हे नेमके उलटे चालते. मुले बारावीला कोर्स ठरवतात, परीक्षांच्या खेपा मारत बसतात, आणि अकाउंटंट दिवसभर नक्की काय करतो हे तीन-चार वर्षांनी पहिल्यांदा बघतात. तोवर पैसे गेलेले असतात, घरच्यांच्या अपेक्षा वाढलेल्या असतात, आणि न आवडलेल्या कामातून मागे फिरणे जड जाते.

काम कसे असते ते एका बिलावरून सांगते. कळंगुटच्या बाजूचे एखादे बार अँड रेस्टॉरंट धर. रात्री एका मोठ्या ग्रुपने ४८,२०० रुपयांचे बिल कार्डाने भरले. बँकेच्या खात्यात दुसऱ्या दिवशी ४७,६३१ रुपये २४ पैसे जमा झाले. ५६८ रुपये ७६ पैसे कमी आले. नवखा मुलगा हा फरक उचंत खात्यात, म्हणजे कारण न कळलेल्या रकमांच्या खात्यात, टाकतो आणि पुढच्या एन्ट्रीला लागतो. असे शेकडो फरक वर्षभर त्या खात्यात साठत जातात, आणि मार्चअखेर ते कशाचे होते हे मालकालाही सांगता येत नाही, अकाउंटंटलाही नाही.

ज्याला या कामाची नजर आहे तो तिथेच थांबतो. कार्ड मशीनवर बँक १ टक्का कमिशन घेते असे करारात लिहिलेले सापडते. ४८,२०० चे झाले ४८२ रुपये. त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८६ रुपये ७६ पैसे. दोन्ही मिळून ५६८.७६. फरक सुटला. पण लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो: हे ८६.७६ खर्चात धरायचे की सरकारकडून वजावट म्हणून मागायचे? हे रेस्टॉरंट जेवणावर ५ टक्के दराने जीएसटी लावते, आणि त्या दराला खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही. तेव्हा ते खर्चातच जाणार. मोठ्या हॉटेलातले, १८ टक्के दर लावणारे रेस्टॉरंट असते तर हीच रक्कम वजावटीला चालली असती. पैसे तेच, बँक तीच, कागदही सारखाच, तरी एकाच्या पुस्तकात तो खर्च होतो आणि दुसऱ्याच्या पुस्तकात सरकारकडून येणे असलेली रक्कम.

आता बिल उघडून बघ. जेवण ३०,००० रुपयांचे, त्यावर ५ टक्क्यांनी १,५०० जीएसटी, आणि उरलेले १६,७०० दारूचे. पिण्याच्या दारूवर जीएसटी लागत नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा ती त्याच्या बाहेर ठेवली गेली, आणि तिच्यावरचा कर राज्याच्या कायद्यांखालीच राहिला. म्हणजे एकाच टेबलावरच्या एकाच बिलाचे दोन तुकडे दोन वेगळ्या खात्यांकडे जातात. मघाशी म्हटलेल्या मोठ्या हॉटेललाही दारू विकत असल्यामुळे कमिशनवरच्या कराची वजावट पूर्ण घेता येत नाही, दारूच्या विक्रीच्या प्रमाणात काही भाग सोडावा लागतो. बिले बनवणाऱ्या मशीनमध्ये दारू आणि जेवण वेगवेगळ्या गटांत टाकलेले नसेल तर पुढचे सगळे चुकत जाते, आणि ते तपासायला अकाउंटंटला स्वतः काउंटरवर जाऊन उभे राहावे लागते.

या सगळ्याला गणित किती लागले? टक्केवारी आणि बेरीज-वजाबाकी. त्यामुळे गणित आवडत नाही ही तुझी अडचण मी फार मोठी मानत नाही. सीएच्या फाउंडेशनला, म्हणजे पहिल्या परीक्षेला, गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचा एक पेपर असतो, तेवढा नेटाने करून टाकावा लागेल. पुढे प्रत्यक्ष कामात लागते ती चिकाटी: पैसा कुठून निघाला, कुठे पोचला आणि मधे काय घडले हे कळेपर्यंत कागद खाली न ठेवण्याची. वरचे बिल वाचताना पुढे काय झाले हे तुला जाणून घ्यावेसे वाटले असेल तर ही लाइन तुझी असण्याचा संभव आहे. वाचता वाचता कंटाळा आला असेल तर स्वतःशी प्रामाणिक राहा. बारावीच्या अकाउंट्समध्ये चांगले गुण मिळणे वेगळे. तिथे फरक आधीच सोडवून दिलेला असतो, विद्यार्थ्याने तो योग्य रकान्यात मांडायचा असतो.

कंटाळ्याची बाजूही सांगायला हवी. दर महिन्याला ७ तारखेला टीडीएस, म्हणजे पगारातून आणि बिलांतून कापून घेतलेला आयकर, भरायचा, ११ ला जीएसटीचे विक्रीचे विवरण, १५ ला कामगारांचा पीएफ आणि ईएसआय, २० ला जीएसटीचे मुख्य रिटर्न. हे चक्र कधी थांबत नाही. त्यावर जुलै-ऑगस्टात आयकराची रिटर्न आणि सप्टेंबरअखेर टॅक्स ऑडिट. आपल्याकडे चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, ऑगस्ट-सप्टेंबरात येते. घरोघरी गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधण्याची गडबड चालू असते तेव्हाच ऑफिसात ऑडिटच्या फायलींचे ढीग लागलेले असतात. मुलींना हे जास्त जाचते, कारण सणाची घरातली जबाबदारी त्यांच्यावरच टाकली जाते. घरच्यांशी याबद्दल आधीच बोलून घेतलेले बरे. माझ्याकडच्या ज्या मुलींनी ते केले त्या टिकल्या.

आता गोव्याविषयी. इथे राहून ही लाइन करण्यात काही अर्थ आहे का, की मुंबई-बंगळूर गाठावे, असे पालक मला नेहमी विचारतात. गोवा छोटा आहे हे खरे, पण शिकायला इथे जेवढी विविधता एका दिवसाच्या फेरीत मिळते तेवढी मोठ्या शहरातल्या एका कंपनीच्या एका खात्यात बसून मिळत नाही. सकाळी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्याचा साठा मोजायचा, दुपारी क्रेडिट सोसायटीचे कर्जखाते तपासायचे, संध्याकाळी देवस्थानच्या कमिटीबरोबर जत्रेच्या पावणीचे, म्हणजे लिलावाचे, पैसे कसे नोंदवायचे यावर बसायचे. प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे. देवस्थाने १९३३ च्या देवस्थान नियमावलीखाली येतात, सोसायट्या सहकार कायद्याखाली, गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या कोमुनिदादी त्यांच्या स्वतःच्या संहितेखाली. पंचायत बाजारातला सोपो, म्हणजे विक्रेत्यांकडून बाजारकर गोळा करण्याचा हक्क, पावणीने देते, त्याचाही हिशेब कोणीतरी ठेवतोच.

पर्यटनाने एक वेगळाच धडा मिळतो. हॉटेलची कमाई मुख्यतः ऑक्टोबरपासून उन्हाळ्यापर्यंत होते, खर्च बाराही महिने असतात. डिसेंबरच्या खोल्यांचे आगाऊ पैसे सप्टेंबरात येऊ लागतात, आणि बँकेतला आकडा बघून मालकाला वाटते की धंदा जोरात आहे. पण पाहुणा अजून आलेला नाही. ते पैसे उत्पन्न म्हणून धरता येत नाहीत, ताळेबंदात ते देणे म्हणून उभे राहतात. आणि गंमत अशी की जीएसटी मात्र सेवेचे आगाऊ पैसे हातात पडले त्याच वेळी लागतो. म्हणजे उत्पन्न डिसेंबरचे, कर सप्टेंबरचा, आणि पैसे मालकाने ऑक्टोबरातच रंगकामाला वापरलेले. हे तिन्ही एका कागदावर मांडून मालकाला समजेल असे सांगता आले तर अकाउंटंटची किंमत त्याला त्या दिवशी कळते.

दुसरी गोष्ट खास आपल्याकडची. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्याप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता समाईक असते. आयकराच्या १९६१ च्या कायद्यात त्यासाठी ५-अ हे खास कलम होते: पगार ज्याचा त्याच्या नावावर, पण धंद्याचा नफा, घरभाडे, व्याज असे बाकीचे उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे वाटून दोघांच्या रिटर्नमध्ये दाखवायचे. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा आला, त्यातही ही तरतूद राहिली आहे. समज, नवऱ्याचे दुकान आहे, वर्षाचा नफा ९ लाख. बायको शिक्षिका, पगार ६ लाख. तर त्याच्या रिटर्नमध्ये साडेचार लाख येतील आणि तिच्या रिटर्नमध्ये साडेदहा. यात कर नेहमी वाचतोच असे नाही, कधी वाढतोही. बाहेरून आलेले हुशार सीए इथे अडखळतात, कारण त्यांच्याकडे ही पाळीच कधी आलेली नसते. आपल्या मुलांना मात्र हे पहिल्या वर्षापासून हाताखालून जाते.

गोव्यातच राहायचे म्हणणाऱ्याने खाणींचा इतिहासही लक्षात ठेवावा. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने १६ मार्च २०१८ पासून परत बंद पडल्या. ट्रक, बार्ज, गॅरेज, त्यांना कर्ज देणाऱ्या सोसायट्या, सगळ्यांच्या पुस्तकांवर त्याचा परिणाम मी पाहिला. त्या कंपन्यांत फक्त स्वतःच्या टेबलावरची एन्ट्री करणाऱ्या लोकांना दुसरीकडे काम मिळायला फार त्रास झाला. ज्यांना धंद्याचा पूर्ण हिशेब मांडता येत होता ते हॉटेलांत, औषध कंपन्यांत शिरले. कुठल्याही एका उद्योगाच्या भरवशावर राहू नकोस. ताळेबंद शेवटपर्यंत स्वतः बनवायला शिक.

आता वाटा. मामांच्या वाटेबद्दल आधी बोलते, कारण तीच सगळ्यात कमी समजून घेतली जाते.

सीएची संस्था १ जुलै १९४९ पासून आहे, तिच्या पश्चिम विभागाची शाखा गोव्यातही आहे. बारावीनंतर फाउंडेशन, मग इंटरमीजिएट, मग आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, मग फायनल. प्रत्येक पेपरात किमान ४० आणि एकूण ५० टक्के लागतात. एका पेपरात ३९ पडले तर बाकीचे कितीही चांगले गेले तरी तो ग्रुप, म्हणजे पेपरांचा तो गट, गेला, क्वचित एखाद्या पेपरातल्या भरघोस गुणांची सूट पुढच्या खेपेला मिळते तेवढीच. पूर्वी तीन वर्षांची असलेली आर्टिकलशिप नव्या योजनेत दोन वर्षांची झाली आहे, आणि ती इंटरचे दोन्ही ग्रुप झाल्यावरच सुरू होते. कुठेही न अडकता साधारण चार वर्षे धर. बहुतेकांना जास्त लागतात, आणि त्यात काही कमीपणा नाही. कमीपणा वाटतो तो घरात. माझे पालकांना कळकळीचे सांगणे आहे: नापास झालेल्या मुलाला चवथीला जमलेल्या पाहुण्यांसमोर निकाल विचारू नका. या परीक्षेत चांगली मुले दोनदा-तीनदा अडकतात आणि नंतर उत्तम काम करतात. पण एक मर्यादाही आधीच ठरवून ठेवावी. इंटरला किती खेपा द्यायच्या हे परीक्षेआधी कागदावर लिहून ठेव, निकालाच्या दिवशी ठरवायला बसू नकोस.

फाउंडेशन न देता बी.कॉम. पूर्ण करून थेट इंटरला जाण्याचीही सोय आहे. कॉमर्सच्या पदवीधराला त्यासाठी ५५ टक्के लागतात, इतर शाखांच्या पदवीधरांना ६०. बारावीला मन पक्के नसलेल्या मुलांना मी हीच वाट सुचवते. पदवी हातात असते, वय थोडे वाढलेले असते, आणि निर्णय स्वतःचा असतो.

आर्टिकलशिप कुठे करावी यावर माझे मत ठाम आहे, आणि अनेकांना ते पटत नाही. पहिले काम छोट्या किंवा मध्यम ऑफिसात शिकावे, पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा, कुठेही. मोठ्या शहरातल्या मोठ्या फर्मचे नाव बायोडाटावर चांगले दिसते, आणि मोठ्या कंपन्यांचे ऑडिटच करायचे असेल तर तिथेच जावे. पण तिथे आर्टिकलला सहा महिने एकाच कंपनीच्या एकाच भागावर बसवतात. छोट्या ऑफिसात तो पावत्यांच्या पिशवीपासून सुरुवात करतो आणि सही करण्याजोग्या ताळेबंदापर्यंत पोचतो, मधे आयकर कार्यालयातली सुनावणीही बघतो. एप्रिलच्या सुरुवातीला बँकांच्या शाखांचे ऑडिट असते. त्या दिवसांत कर्जांच्या फायली वाचून जे कळते ते कुठल्याही पुस्तकात मिळत नाही. ऑफिस निवडताना स्टायपेंड विचारच, पण त्याआधी तिथे सध्या काम करणाऱ्या मुलाला बाहेर गाठून दोन प्रश्न विचार: सर किंवा मॅडम स्वतः शिकवतात का, आणि परीक्षेची रजा खरोखर मिळते का?

वडिलांची वाटही चांगली आहे. बी.कॉम. करून लेखा संचालनालयाच्या किंवा दुसऱ्या खात्याच्या अकाउंट्सच्या जागांसाठी परीक्षा देता येते. कोकणी यावीच लागते, मराठी येत असेल तर उपयोगी पडते, आणि पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. सरकारी हिशेबाची पद्धत वेगळी आहे: तिथे नफा-तोटा बघत नाहीत, मंजूर झालेला पैसा त्याच कामावर नियमाप्रमाणे खर्च झाला का हे बघतात. ज्याला नियम वाचायला आवडतात त्याला हे काम मनापासून आवडते. फक्त जाहिरातीची वाट बघत चार वर्षे घरी बसू नये. तोपर्यंत एखाद्या ऑफिसात काम धरावे, नाहीतर हात बसत नाही.

कॉस्ट अकाउंटंट, म्हणजे सीएमए, हा मार्ग गोव्यात दुर्लक्षित राहिला आहे याचे मला वाईट वाटते. वेर्णा, कुंडई, पिळर्णच्या वसाहतींत कारखाने आहेत, त्यात औषधांचेही आहेत, आणि औषध उद्योगाला ठरावीक उलाढालीपुढे कॉस्ट ऑडिट लागते. एका गोळीच्या पट्टीला नक्की किती खर्च येतो, वीज आणि वाया गेलेला माल त्यात कसा धरायचा, हे ज्याला काढता येते त्याला कारखान्यात मान असतो. परदेशी कोर्सेसच्या जाहिराती बघून भुलू नकोस. ते वाईट नाहीत, पण भारतातल्या कंपनीच्या कायदेशीर ऑडिटवर सही करण्याचा अधिकार इथल्या सीएलाच आहे. बाहेर जायचे पक्के असेल तरच तो खर्च करावा.

आणि या कुठल्याच वाटेने न जाता, बी.कॉम., टॅली हे सॉफ्टवेअर आणि जीएसटी नीट शिकून चांगला अकाउंटंट होता येते. सुरुवातीचा पगार कमी असतो, हे लपवत नाही. पण स्वतः बँक जुळवणी, टीडीएस, जीएसटी आणि तेरीजेपर्यंतचे, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांच्या यादीपर्यंतचे, काम बिनचूक करणारे माणूस मिळावे म्हणून म्हापशापासून काणकोणपर्यंतचे धंदेवाले शोधात असतात. असे माणूस पाच-सहा वर्षांत स्वतःच्या अटींवर काम घेऊ लागते.

सॉफ्टवेअरविषयी तुझ्या वर्गातली मुले अर्धे बरोबर आहेत. बिले बघून टाइप करण्याचे काम कमी होत चालले आहे आणि अजून होईल. बँकेचे स्टेटमेंट आपोआप आत येते, ५ कोटींवरच्या उलाढालीच्या धंद्यांनी दुसऱ्या धंद्यांना दिलेली बिले ऑगस्ट २०२३ पासून सरकारी पोर्टलवर नोंदवली जातात, आणि पुरवठादाराने भरलेले बिल २०२० पासून जीएसटीच्या टू-बी या विवरणात आपसूक दिसते. फक्त टायपिंगवर पोट भरायचा विचार असेल तर या लाइनीत येऊ नकोस. पण दिसते म्हणजे जुळते असे नाही. बेळगावच्या पुरवठादाराने बिल दुसऱ्याच जीएसटी नंबरवर टाकले, टू-बीमध्ये ते आलेच नाही, वजावट अडकली. त्याला फोन कोण करणार, त्याचे पुढचे पेमेंट रोखायचे की नाही हे मालकाला कोण सांगणार? एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणे बंधनकारक झाले आहे. म्हणजे मार्चची एन्ट्री जूनमध्ये कोणी बदलली हे आता दिसते, आणि ती का बदलली हे विचारणारे माणूस लागते. सरकारच्या यंत्रणाही आपसांत आकडे ताडून बघतात आणि नोटिसा पाठवतात. माझ्या ऑफिसातले टायपिंग घटले, उत्तरे लिहिण्याचे काम वाढले.

इंग्रजीची भीती मी समजू शकते. माझीही पहिली शाळा मराठीच होती. सीएची परीक्षा इंग्रजी किंवा हिंदीतून देता येते, कायदे आणि नोटिसा इंग्रजीत असतात, तेव्हा वाचता आणि नेमके लिहिता आलेच पाहिजे. बोलण्यातली सफाई नंतर येते. रोज एका नोटिशीचा किंवा परिपत्रकाचा एक परिच्छेद वाच आणि तो आपल्या भाषेत आईला समजावून सांग. हा सराव दुहेरी उपयोगाचा आहे, कारण क्लायंट समोर बसतो तेव्हा बोलणे कोकणीतून किंवा मराठीतून होते. वाळपईच्या काजू व्यापाऱ्याला त्याचा नफा कागदावर दिसतो पण खिशात का नाही हे त्याच्या बोलीत सांगता येणे हे कौशल्य आहे, आणि उत्तम इंग्रजी बोलणाऱ्या अनेकांकडे ते नसते.

एक गोष्ट कुठल्याच कोर्सच्या माहितीपत्रकात छापलेली नसते. या कामात नाही म्हणावे लागते, आणि गोव्यात ते जास्त कठीण आहे, कारण समोरचा माणूस ओळखीचा असतो. तो नवऱ्याच्या आतेभावाचा मित्र असतो, देवस्थानच्या कमिटीवर असतो, लग्नात जेवून गेलेला असतो. तो म्हणतो, बँकेला द्यायचा आहे, उत्पन्नाचा आकडा जरा वाढवून दे, कोणाचे काय बिघडते? बिघडते. त्या आकड्यावर बँक कर्ज देते, आणि बँकेतला पैसा कोणाचा तरी असतो. म्हापसा आणि मडगाव इथल्या दोन अर्बन सहकारी बँकांचे परवाने रिझर्व्ह बँकेने २०२० आणि २०२१ मध्ये रद्द केले. ठेव-विम्याचे संरक्षण ५ लाखांपर्यंतच असते. त्याहून जास्त पैसे ठेवून बसलेली, बोटीवरून निवृत्त झालेली, मुलीच्या लग्नासाठी साठवलेली माणसे मी माझ्या ऑफिसातल्या खुर्चीवर बसलेली पाहिली आहेत. त्या बँकांचे काय आणि का झाले हा वेगळा विषय. पण ताळेबंदातल्या एका ओळीमागे किती लोक उभे असतात हे तेव्हा समोर दिसते.

२०१९ पासून सीएच्या प्रत्येक दाखल्याला आणि ऑडिट अहवालाला स्वतंत्र ओळख क्रमांक घ्यावा लागतो. कोणीही तो पोर्टलवर टाकून दाखला खरा आहे का हे बघू शकतो. चांगली सोय आहे, पण आतला आकडा खरा ठेवण्याची जबाबदारी सही करणाऱ्याचीच राहते. माझ्याकडच्या मुलांना मी नाही म्हणण्याची पद्धत शिकवते: आवाज चढवायचा नाही, उपदेश करायचा नाही, कागद मागायचा. "या उत्पन्नाच्या पावत्या आणून दे, लगेच घालते." निम्मे विषय तिथेच मिटतात. उरलेल्यांपैकी काही क्लायंट जातात, त्यांना जाऊ द्यायचे. सुरुवातीची वर्षे फी कमी पडते तेव्हा हे सोपे नसते, म्हणून त्या वर्षांत घरखर्च आटोपशीर ठेवावा, हाही माझ्या सल्ल्याचाच भाग आहे.

तर तुझ्यासाठी नेमके असे सुचवते. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यानंतर बँक ऑडिटची गर्दी ओसरते. तेव्हा साखळी, डिचोली किंवा फोंड्यातल्या एखाद्या ऑफिसात जाऊन सांग की मेअखेरपर्यंत बसून काम बघायचे आहे, पगार नको. एका दारावर नाही म्हणाले तर दुसऱ्या दारावर जा. फायलिंग आणि झेरॉक्स करायला सांगतील, ते कर, पण एक काम मागून घे: एका छोट्या दुकानाची वर्षाची बँक जुळवणी. स्टेटमेंट एका बाजूला, पुस्तक दुसऱ्या बाजूला, आणि प्रत्येक फरकाचे कारण पेन्सिलने लिहून ठेवायचे. न सुटलेले फरक घेऊन ऑफिसातल्या मोठ्या माणसाकडे जा आणि ते कसे शोधतात ते बघ, कुठला कागद आधी उघडतात, कोणाला फोन करतात. वडिलांनाही एक दिवस त्या ऑफिसात घेऊन जा. त्यांनी हे काम आतून पाहिले तर घरातली चर्चा वेगळी होईल.

फाउंडेशनची नोंदणी तोपर्यंत थांबवलीस तरी काही बिघडत नाही. ती परीक्षा आता वर्षातून तीनदा होते आणि नोंदणीनंतर चार महिने अभ्यासाला लागतात, त्यामुळे जूनमध्ये ठरवलेस तरी जानेवारीची खेप आरामात गाठता येते. बी.कॉम.चा प्रवेश मात्र वेळेवर घेऊन ठेव, तो यातल्या प्रत्येक वाटेवर उपयोगी पडतो.